हात फिरलेलं हत्यार

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे ताडपत्रीवर मांडलेल्या पाने, पकडी, पटाश्या आणि करवतींच्या ढिगात थोडं उकरलं की लक्षात येतं, कंपनीतून निघालं तसंच राहिलेलं हत्यार क्वचितच हाती लागतं. एका रिंग पान्याची मान वाकवलेली, दुसऱ्याची कड ग्राइंडरवर घासून पातळ केलेली. पटाशीला लाकडी मुठीऐवजी नळीचा तुकडा ठोकलेला. करवत निम्मी कापलेली. पकडीच्या कापणाऱ्या धारेत कानशीने पाडलेली गोल खाच. नवखं गिऱ्हाईक हे सगळं ‘मोडकं’ म्हणून बाजूला सारतं, नाहीतर स्वस्त म्हणून सरसकट उचलतं. नुकसान दोन्हीकडे आहे. यातले काही बदल वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्या कारागिराने विचार करून केलेले असतात, आणि काहींमुळे चांगल्या पोलादाचं भंगार झालेलं असतं. हा फरक ओळखता येतो, आणि त्यासाठी बदल किती मोठा आहे यापेक्षा तो हत्याराच्या कोणत्या भागात झाला आहे हे बघावं लागतं.

ढोबळमानाने असे तीन भाग आहेत. पहिला, सहज बदलता येण्याजोगे सुटे भाग: दांडा, मूठ, पाचर, स्क्रू. दुसरा, हत्याराचा आकार: धारेचा कोन, जाडी, लांबी, रंध्याचं तोंड. तिसरा भाग डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे पोलादाला दिलेलं पाणी, तापवून आणि विझवून आणलेला कडकपणा. पहिल्या भागातल्या बदलाची काळजी करू नये. दुसऱ्यातल्या बदलाचा हिशेब करावा. तिसऱ्याची परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बदल होतात तरी का?

हत्यार कारखान्यात सरासरी हातासाठी आणि सरासरी कामासाठी बनतं. प्रत्यक्ष काम मात्र सरासरी नसतं. गाडीच्या स्टार्टर मोटरचा बोल्ट इंजिनाच्या कुशीत दडलेला असतो, तिथे सरळ पाना शिरत नाही. मग मेकॅनिक एक पाना वाकवून फक्त त्या बोल्टसाठी राखून ठेवतो. सायकलच्या चाकातल्या कोनला लागणारा पाना दोनेक मिलिमीटर जाडीचाच असावा लागतो, म्हणून साधा पाना घासून पातळ केला जातो. इलेक्ट्रिशियन पकडीच्या धारेत खाच पाडतो, म्हणजे आतली तार न दुखावता वरचं आवरण सोलता येतं.

आपल्याकडे याला इतिहासाचाही हातभार लागला. जुनी यंत्रं इंग्रजी मापांची होती. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने देश दशमान पद्धतीकडे वळला, पण जुनी यंत्रं रातोरात भंगारात गेली नाहीत आणि मेकॅनिकच्या पेटीतले इंची पानेही गेले नाहीत. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याचा जबडा कानशीने ०.३ मिलिमीटर खाल्ला की तो १३ मिलिमीटरच्या नटावर बसतो. जुन्या पान्यावर अर्ध्या इंचाचा ठसा आहे, पण तो १३ च्या नटावर चपखल बसतो, असं दिसलं तर ही कानसच कारणीभूत असते. काम नीट झालेलं असेल, म्हणजे जबड्याच्या दोन्ही बाजू समांतर राहिल्या असतील, तर असा पाना आजही बिनधास्त वापरावा. तिरपा घासलेला जबडा मात्र नटाचे कोपरे गोल करून टाकतो.

पाणी उतरलेलं पोलाद

पटाशी, रंध्याचं पातं, वाकस ही कापणारी हत्यारं. त्यांचं पोलाद लाल तापवून विझवलं की काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ होतं. मग ते पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा काढतात. या दुसऱ्या तापवण्यात घासून चकचकीत केलेल्या पोलादावर रंग चढत जातात: सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २५५ च्या आसपास तपकिरी, २७५ ला जांभळा, ३०० ला निळा. लाकूड कापणारी पटाशी पिवळ्या रंगावर थांबवतात. स्प्रिंग निळ्यापर्यंत नेतात, कारण तिला कडकपणाहून लवचिकपणा जास्त हवा.

आता कुणी ही पटाशी विजेच्या ग्राइंडरवर धरली आणि पाण्यात बुडवायला विसरला, तर धारेजवळचा पातळ भाग क्षणात ३०० अंशांच्या पुढे जातो. धार निळी पडते. दिसायला ती तेज असते, पण दहा-बारा घावांत वळते. याला पाणी उतरणं म्हणतात. जुन्या बाजारातल्या पटाश्यांत हा दोष सर्वांत जास्त सापडतो, आणि लपवायलाही तोच सर्वांत सोपा, कारण निळा रंग हा पृष्ठभागावरचा अतिशय पातळ थर असतो. पॉलिश पेपरचे दोन हात फिरवले की तो निघून जातो, नरमपणा मात्र आत राहतो.

म्हणून रंगावर विश्वास न ठेवता कानशीला विचारावं. खिशात मावणारी बारीक कानस धारेच्या कडेला हलकेच ओढून बघा. ती घसरत गेली, तर पोलाद कडक आहे. चावा घेतला आणि भुकटी पडली, तर नरम. ही तपासणी धारेपाशी करा, मग धारेपासून एक-दोन सेंटिमीटर मागे करा. पुढे नरम आणि मागे कडक असेल, तर हत्यार वाचलेलं आहे. तेवढा नरम तुकडा निसण्यावर, किंवा वारंवार पाण्यात बुडवत ग्राइंडरवर, घासून काढला की मागचं कडक पोलाद पुढे येतं. पुढे-मागे सगळंच नरम असेल, तर ते पातं कधीतरी आगीत पडलं असावं, किंवा कुणी मुठीकडचा भाग वाकवण्यासाठी सबंध लाल केलं असावं. साधं कार्बन पोलाद असेल तर लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घेता येतं. लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे ७७० अंशांच्या थोडं पुढे तापवून, तेलात विझवून मग पिवळ्या रंगापर्यंत उतरवायचं. पण पातं वाकण्याची किंवा तडकण्याची शक्यता असते, तेव्हा किंमत भंगाराचीच द्यावी.

जुन्या विलायती पटाश्या आणि रंध्याच्या पात्यांबाबत आणखी एक खबरदारी. पोलाद महाग होतं त्या काळात शेफिल्डचे कारागीर पात्याचा बहुतेक भाग मऊ लोखंडाचा ठेवून फक्त पुढच्या भागावर पोलादाचा पातळ थर भट्टीत जोडत. घासून घासून आखूड झालेल्या पात्यात हा थर संपलेला असू शकतो. मग कितीही घासा, धार टिकणार नाही. कडेने बघितलं तर दोन धातूंची सीमारेषा बहुधा दिसते. ती धारेच्या किती मागे जाते, यावर त्या पात्याचं उरलेलं आयुष्य ठरतं.

वाकवलेले, जोडलेले, लांबवलेले पाने

पान्याचं पोलाद पटाशीइतकं कडक नसतं. त्याला चिवटपणा हवा, म्हणून त्यावर कानस थोडा चावा घेतेच. इथे प्रश्न वेगळा आहे: तापवण्याची झळ जबड्यापर्यंत पोचली का? मेकॅनिकने मान गॅसने लाल करून वाकवली असेल आणि जबडा ओल्या फडक्यात गुंडाळून थंड ठेवला असेल, तर पाना उत्तम. जबडाही तापला असेल, तर जोर लावताच तो फाकतो. नेमक्या मापाचा नट जबड्यात घालून हलवून बघा. खुळखुळत असेल तर सोडून द्या.

वेल्डिंग केलेल्या पान्याकडे अधिक संशयाने बघावं. क्रोम-व्हॅनेडियमच्या पोलादाला वेल्ड केलं की सांध्याच्या लगतची पट्टी झटकन तापून झटकन थंड होते आणि ठिसूळ बनते. असा पाना वेल्डच्या माळेवर तुटत नाही, तिच्या शेजारी तुटतो, तोही पूर्ण जोर लागलेला असताना. हात तेव्हा समोरच्या पत्र्यावर आपटतो.

पाईप जोडून दांडा लांबवलेल्या पान्याचा हिशेब सोपा आहे. १३ मिलिमीटर डोक्याच्या, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर पीळ पुरतो. त्या मापाचा पाना सुमारे १७ सेंटिमीटर लांब असतो, आणि टोकाला १५ किलोचा जोर लावला की बरोबर तेवढा पीळ मिळतो. लांबी कारखान्याने हाताच्या ताकदीला जोखूनच ठरवलेली असते. ती दुप्पट केली की त्याच हाताने ५० न्यूटन-मीटर पडतात, आणि बोल्ट ताणला जातो किंवा तुटतो. लांबवलेला पाना गंजलेला नट सोडवायला ठेवावा, आवळायला कधीच वापरू नये.

रंधा, करवत, हातोडी

आकारातल्या बदलांचं उत्तम उदाहरण म्हणजे लोखंडी रंधा. लिओनार्ड बेली या अमेरिकी कारागिराने रचलेला आणि स्टॅन्ली कंपनीने १८६९ पासून बनवलेला हा नमुना जगभर नकलला गेला. आपल्याकडच्या लोखंडी रंध्यांचा घाटही तोच. त्याच्या बुडाला पातं डोकावण्यापुरती जी फट असते, तिला तोंड म्हणतात. जाड पातं बसवण्यासाठी अनेकांनी हे तोंड कानशीने मोठं केलेलं असतं. खाल्लेलं बीड (ओतीव लोखंड) परत येत नाही, आणि मोठ्या तोंडाचा रंधा उलट्या रेषेच्या लाकडात सालपे उपटतो, अशी तक्रार असते.

तरीही असा रंधा टाकून देऊ नये. पात्यावर जी दुसरी पट्टी (चिपब्रेकर) आवळलेली असते, ती धारेच्या अगदी जवळ, ०.१ ते ०.३ मिलिमीटरवर आणली, तर ती सालप्याला तिथल्या तिथे मोडते आणि उपटणं थांबतं. जपानमधल्या यामागाता विद्यापीठात कातो आणि कावाई या संशोधकांनी यंत्रावर पातं चालवून, सूक्ष्मदर्शकातून चित्रण करून हे दाखवून दिलं आहे. म्हणजे तोंड मोठं असलं तरी चिपब्रेकर जागेवर आणि सरळ असेल, तर रंधा कामाचा. चिपब्रेकरच हरवलेला असेल, तर किंमत पाडून मागावी. बुडाला किंवा बाजूला वेल्डिंग दिसलं तर मात्र थांबावं. बीड नीट तापवून न घेता साध्या रॉडने जोडलं, तर सांध्याशेजारी पुन्हा तडकतं आणि बूडही वाकडं होतं. पितळेने जोडलेला पिवळा सांधा त्यामानाने भरवशाचा.

करवतीचं उलट आहे. तिच्यातले बहुतेक बदल परत फिरवता येतात. लाकूड उभं चिरायची करवत आडवं कापण्यासाठी घासलेली असेल, तर त्रिकोणी कानशीने दाते पुन्हा पाडता येतात. मोडकं टोक कापून आखूड केलेली करवत तर पेटीत ठेवायला सोयीचीच. सहज न निघणारा दोष एकच, पात्यात पडलेला मुरडा. करवत डोळ्यासमोर धरून मुठीकडून टोकाकडे बघा. लांब, सौम्य बाक ठोकून काढता येतो. एका जागी पडलेली ठळक घडी काढणं हे जाणकाराचं काम आहे, आणि असा जाणकार आता सहज मिळत नाही.

हातोडीचा दांडा बदललेला असणं ही चांगलीच खूण. बाभळीचा, उभ्या रेषेचा, वरून पाचर मारलेला दांडा कारखान्याच्या दांड्यापेक्षा सरस असतो. दांड्याऐवजी लोखंडी नळी वेल्ड केलेली असेल, तर डोक्याच्या पोलादाला झळ लागलेली असते आणि प्रत्येक घावाचा हादरा मनगटात उतरतो. हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं दिसलं, तर ती बहुधा तांबटाच्या किंवा गाड्यांचं डेंटिंग करणाऱ्याच्या हातातली आहे. कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यांवर मठारकाम होतं, तिथे हातोडीच्या तोंडावरचा प्रत्येक ओरखडा तांब्यावर जसाच्या तसा उमटतो, म्हणून तोंड घासणं हा कामाचाच भाग असतो. अशी हातोडी मिळाली तर तिने खिळे ठोकू नयेत. ती ज्याच्या कामाची आहे, त्याच्याकडे तिची किंमत कितीतरी पट आहे.

बदल वाटतात, पण नसतात

संशयाचा अतिरेकही महागात पडतो. जुन्या पान्यावर पाव इंचाचा ठसा आणि सोबत ‘डब्ल्यू’ अक्षर असतं. मोजायला गेलं तर जबडा १३.३ मिलिमीटर भरतो. कुणीतरी खाल्लाय, असं वाटतं. प्रत्यक्षात हा जोसेफ व्हिटवर्थच्या मापपद्धतीचा पाना आहे. तिथे आकडा जबड्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. जुन्या बुलेटच्या मालकांना हे पाने लागतात आणि ते चांगली किंमत देतात.

काही रंध्यांच्या बुडाला लांबट खोबणी असतात, त्याही कारखान्यातूनच येतात. अर्धगोल वाकलेला रिंग पाना स्टार्टरसाठी कंपन्याही बनवतात. नव्या करवतींच्या दात्यांवरची काळपट निळी पट्टी पाणी उतरल्याची नसून दाते मुद्दाम जास्त कडक केल्याची खूण असते, आणि असे दाते कानशीने परत घासता येत नाहीत. कारखान्याचं वळण आणि हातचं वळण ओळखायचं असेल, तर मुलामा बघा. क्रोमचा मुलामा वळणावरूनही अखंड गेला असेल, तर ते वळण मुलाम्याआधीचं, म्हणजे कारखान्यातलं. वळणापाशी मुलामा तडकला, सोलला किंवा घासला असेल, तर ते नंतरचं.

जिथे स्वस्तही घेऊ नये

चार वस्तूंबाबत तडजोड नको. पहिली, विजेच्या कामाची पकड. हजार व्होल्टचा ठसा असलेली पकड आयईसी ६०९०० या मानकानुसार दहा हजार व्होल्टला तपासलेली असते. तिचं आवरण बदललं, वर नळी चढवली किंवा टेप गुंडाळली, की त्या ठशाला काही अर्थ उरत नाही. अशी पकड उघड्या लोखंडाची समजावी. तिच्या धारेतली खाचही नीट बघा. गुळगुळीत गोल खाच कानशीची असते. वितळल्यासारखा खड्डा असेल, तर कुणीतरी चालू तार कापली आहे.

दुसरी, कानशीपासून बनवलेली पटाशी किंवा खराद्याचं हत्यार. कानशीचं पोलाद अतिशय कडक आणि ठिसूळ असतं. ते पुरेसं उतरवलेलं नसेल, तर फिरत्या लाकडात अडकून तुटतं आणि तुकडा तोंडाकडे उडतो. लॉरीच्या कमानपाट्यापासून लोहाराने घडवलेल्या कोयत्याला किंवा विळ्याला ही भीती नाही, कारण ते पोलाद मुळातच चिवट आहे.

तिसरी, डोकं फुलासारखं पसरलेली छिन्नी. तशीच वापरली तर कडेच्या पाकळ्या गोळीसारख्या सुटतात. कडा घासून डोकं पुन्हा निमुळतं करायची तयारी असेल तरच घ्यावी.

चौथी, नाव घासून काढलेलं हत्यार. पूर्वीच्या मालकाने पाडलेली आद्याक्षरं ही चांगली गोष्ट आहे. पण मुद्दाम घासलेला अनुक्रमांक किंवा ठसा म्हणजे चोरीची शंका. जीआयपी रेल्वेचे ठसे किंवा ब्रिटिश लष्कराच्या बाणाची खूण असलेली हत्यारं लिलावातून कायदेशीरपणेही बाजारात आलेली असतात. पण आजच्या रेल्वेचा माल असेल, तर रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ थेट ताबेदाराला जबाबदार धरतो. पावती मागावी. मिळत नसेल तर हात आखडता घ्यावा.

दुकानासमोर पाच मिनिटं

सोबत बारीक कानस, सहा इंची पोलादी पट्टी, खडू आणि रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा असला की पुरे. आधी हत्यार उजेडात फिरवून ग्राइंडिंगच्या रेषा, वेल्डची माळ आणि ताजा रंग शोधा. एकाच जागी लावलेला ताजा रंग काहीतरी झाकत असतो. मग हत्यार दोऱ्याला किंवा दोन बोटांत सैल धरून टिचकी मारा. अखंड पोलाद खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. तड्याची शंका आली तर त्या जागी रॉकेल लावा, कोरडं पुसा आणि खडू घासा. तड्यात शिरलेलं रॉकेल मिनिटभरात खडूवर बारीक रेष उमटवतं. रेल्वेच्या कारखान्यांत आस आणि चाकं तपासायला वर्षानुवर्षं हीच युक्ती वापरत असत.

गुण्या घेताना त्याने कागदावर एक रेष मारा, गुण्या उलटा करा आणि त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन्ही एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. नाही पडल्या, तर दिसणारी फट चुकीच्या दुप्पट असते. मोजायची टेप कापून पुन्हा टोकाचा आकडा बसवलेली नाही ना, हे पट्टीवर ताडून बघा. पहिला इंच गायब असलेल्या टेपा बाजारात काही कमी नाहीत.

एवढं करून घेतलेल्या हत्याराचा एक फायदा नव्यालाही नसतो. संग्राहकांना बदललेलं हत्यार नको असतं, म्हणून ते स्वस्त पडतं. आणि ते आधीच बदललेलं असल्यामुळे तुमच्या कामासाठी आणखी बदलायला मन कचरत नाही. अजिबात हात न लागलेला जुना रंधा सापडला तर तो तसाच जपावा. तोंड मोठं झालेला, मूठ बदललेला, कुणाची आद्याक्षरं मिरवणारा रंधा मात्र बिनदिक्कत आपल्या हाताला बसेल असा करून घ्यावा. तो करताना धार तापवू नये, ठसा घासू नये आणि जिथे स्क्रूने भागेल तिथे वेल्डिंग करू नये. तुमच्यानंतर जो कुणी ते हत्यार घेईल, त्याला दांडा बदलता येईल, धारही नव्याने लावता येईल. तुम्ही उतरवलेलं पाणी मात्र त्याला सहजी परत आणता येणार नाही.